यमकातलं खवले मांजर

पेंग्विन कसा चालतो, हे आमच्या नागोठण्यातली पाच वर्षांची पोरंही करून दाखवतात. २०१७ पासून मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला मिळतात, त्यामुळे सुट्टीत तिकडे एक चक्कर ठरलेलीच! पण आपल्या कोकणातल्या जंगलात राहणारं खवले मांजर? ‘ते कसलं हो मांजर?’ असं मुलंच काय, त्यांच्या आयाही विचारतात.

मे महिन्यात मी मुलांचा सुट्टीतला वर्ग घेते. नुसती माहिती सांगायला लागलं की मुलं खिडकीबाहेर बघतात. तीच माहिती यमकात बांधली की कान टवकारतात. पहिली ओळ म्हणून झाली की दुसरीच्या शेवटी काय येणार, हे ती आपणहून ओळखू पाहतात. ओळखलेला शब्द मग विसरत नाहीत. आपल्या आज्यांना कुठे लिहिता-वाचता येत होतं? तरी जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना तोंडपाठ असत, त्या तालामुळेच ना!

विंदा करंदीकरांसारख्या मोठ्या कवीनेही १९६१ साली ‘राणीची बाग’ हा मुलांसाठी कवितासंग्रह लिहिला. पुढे ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीला प्राण्यांवर बालकविता लिहिण्यात काही कमीपणा वाटला नाही. मग आपण का लाजायचं? मी आपली साध्या चार ओळी जुळवते :

अंगभर खवले, तोंडात नाही दात,
मुंग्या शोधत फिरतं सारी सारी रात.
कोणी आलं जवळ तर होतो त्याचा चेंडू,
‘नका मला धरू’ म्हणतं, ‘नका मला कोंडू!’

ओळी पाठ झाल्या की प्रश्न सुरू होतात. ‘बाई, दात नाहीत तर चावतं कसं?’ चावतच नाही. लांब, चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी टिपतं. त्यांच्याबरोबर बारीक खडेही पोटात जातात आणि तिथे दळण होतं. हे मांजराच्या जातीचं नाहीच, असं सांगितलं की मुलं डोळे मोठे करतात. बहुधा एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं, हे मात्र मुलींना भारी आवडतं.

पण चेंडू होण्याची ही युक्ती वाघ-बिबट्यापुढे चालते, माणसापुढे नाही. माणूस सरळ उचलून पिशवीत घालतो. खवल्यांच्या लोभापायी या गरीब प्राण्याची चोरटी शिकार होते. खरं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे. २०१६ मध्ये जगभरातल्या देशांनी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी घालायचं ठरवलं.

मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. सासूबाईंच्या दम्यासाठी कुणीतरी खवल्याची अंगठी घालायला सांगितलं होतं. तर पोरगा म्हणाला, ‘आई, खवले आपल्या नखांसारखेच असतात. मग आजीला नखाचीच अंगठी कर की!’ घरात हशा पिकला आणि अंगठीचा विषय तिथेच संपला. चार ओळींनी आणखी काय करायला हवं?

मैत्रिणींनो, हे कुणालाही जमेल. आधी प्राण्याच्या दोन-तीन खऱ्या गोष्टी काढा, मग शब्द जुळवा. यमकासाठी खोटं मात्र घालू नका. नागपंचमीच्या गाण्यात नागाला दूध पाजू नका, साप दूध पीत नाहीत. आणि प्राणी आपल्या आसपासचा घ्या. आमची अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, तिथल्या चिखलात निवटी असते :

ओहोटीला पाणी जाई, निवटी मागे राही,
डोक्यावरचे डोळे फिरवून चहूकडे पाही.

मासा असून पाण्याबाहेर! निवट्या आम्ही चवीनं खातो, पण ओल्या कातडीनंही श्वास घेणारा हा मासा आहे, हे मुलांना गाण्यातूनच कळलं.

तुमच्या गावात शेकरू असेल, घुबड असेल, समुद्रावर येणारं कासव असेल. पोळ्या लाटता लाटता दोन ओळी सुचतात का बघा. नाव माहीत असलेल्या प्राण्यावर दगड उचलताना मुलाचा हात जरा तरी थांबतो.