मराठी बायबलच्या भाषांतराची निवड : ‘तारण’ या शब्दाच्या निमित्ताने

बायबलमधील मूळ ग्रंथ मुख्यतः हिब्रू व ग्रीक भाषांतील आहेत. मराठी वाचकाच्या हाती येते ते भाषांतरच. म्हणून भाषांतराची निवड हा केवळ ग्रंथखरेदीचा प्रश्न नसून अर्थग्रहणाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात नांदेड-लातूर परिसरातील वाचक समोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

पापातून होणारी सुटका या अर्थी ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ हा शब्द रूढ आहे. ‘मोक्ष’ या शब्दाबरोबर येणारी जन्ममरणाच्या फेऱ्याची कल्पना त्याला चिकटलेली नाही. त्या दृष्टीने ही योजना उचितच होय. परंतु लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन किंवा तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ‘तारण’ माहीत असते ते शेतमाल तारण कर्जामुळे, म्हणजे गहाण या अर्थाने. सुटकेचा शब्द त्याच्या कानी अडकल्याचा अर्थ घेऊन येतो! याउलट ‘जुना करार’ व ‘नवा करार’ यांतील ‘करार’ हा अरबी मूळचा शब्द. निजामी राजवटीत उर्दूतून कारभार चाललेल्या या प्रदेशात तो कोणालाही परका वाटत नाही. मात्र तो व्यवहारी आहे; देवाने स्वतःहून दिलेल्या वचनाचा भाव त्यात पुरता उतरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

विल्यम केरी यांच्या प्रयत्नातून बंगालमधील श्रीरामपूर येथे १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. पुढे अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यांतील संस्कृतप्रचुर व वेदान्ताची छाया असलेल्या शब्दांवर पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आक्षेप घेतला. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या विदुषीने हा आक्षेप घ्यावा, हे लक्षणीय आहे. अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. माहूरला पवित्र मानणाऱ्या महानुभाव पंथात नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला, तोही सामान्य स्त्रीपुरुष ज्ञानाला पारखे होऊ नयेत म्हणूनच. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. तेच २०२० मध्ये लातूरशेजारच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

उपासनेत मोठ्याने वाचावयाचे असेल, तर श्रोत्यांतील सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीला कळेल ते भाषांतर घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंपरेने पाठ झालेली जुनी भाषा ज्येष्ठांना प्रिय असते, हे खरे. पण प्रियतेमुळे अर्थ उलगडतोच असे नाही. अभ्यासासाठी मात्र दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. ती जेथे भिन्न शब्द योजतात, तेथे मूळ शब्द अवघड आहे असे बहुधा समजावे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ व प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, हे ग्रंथ घेण्यापूर्वी पाहावे. संशोधकांनीही संदर्भ देताना नुसते ‘बायबल’ असे न लिहिता भाषांतराचे नाव व आवृत्तीचे वर्ष द्यावे.