पाऊस पडला आणि मोर्चा फसला, तर?

नेटची तयारी करताय म्हणजे हे आकडे तुम्हाला तोंडपाठ असणार. जेआरएफची रक्कम २०१४ साली महिना २५,००० रुपये झाली, २०१९ साली ३१,००० आणि २०२३ साली ३७,०००. २०१९ च्या वाढीआधी देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, जानेवारीत दिल्लीत ठिय्या दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वाढ जाहीर झाली. मग आंदोलन यशस्वी झालं असं म्हणायचं ना?

जरा थांबा. एक म्हणजे मागणी ८० टक्के वाढीची होती, मिळाली २४ टक्के. तुमच्या डेटाशीटमध्ये ‘यश’ या रकान्यात १ लिहाल की ०? दुसरं म्हणजे चार-पाच वर्षांनी वाढ होतच आली आहे. कुणी रस्त्यावर उतरलं नसतं तर ती झालीच नसती, उशिरा झाली असती की तेवढीच झाली असती? ते जग आपल्याला दिसत नाही. आणि तिसरी अडचण सगळ्यात वाईट. वाढ मिळण्याची चिन्हं दिसतात तेव्हाच लोक जास्त संख्येनं बाहेर पडतात. म्हणजे गर्दीमुळे बदल झाला की बदल जवळ आला म्हणून गर्दी झाली, हे नुसत्या सहसंबंधावरून कळायला मार्ग नाही.

प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो. मोर्चाला कंट्रोल कुठून आणायचा? यावर काही अर्थतज्ज्ञांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते. १५ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेत ‘टी पार्टी’ गटाने करांविरुद्ध शेकडो ठिकाणी एकाच दिवशी सभा घेतल्या. काही गावांत त्या दिवशी पाऊस पडला, काही गावांत नाही. पाऊस काही गावाचं राजकारण बघून पडत नाही. तेव्हा, त्या गावात एरवी त्या दिवसांत पावसाची शक्यता किती असते हे हिशेबात धरलं, की ओली गावं आणि कोरडी गावं जवळपास सारखीच. फरक इतकाच की ओल्या गावांत माणसं कमी जमली. २०१३ साली छापून आलेल्या या अभ्यासात दिसलं, की कोरड्या गावांच्या भागात २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला जास्त मतं पडली. शिवाय जास्तीच्या प्रत्येक आंदोलकामागे वाढलेली मतं एकापेक्षा बरीच जास्त होती. म्हणजे त्या दिवशीच्या गर्दीने पुढे आणखी माणसं ओढली.

याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. अट एकच, पण कडक: पावसाचा निकालावर परिणाम झालाच तर तो फक्त गर्दीच्या वाटेने झाला पाहिजे. आता हीच पद्धत उचलून नाशिकच्या शेतकरी मोर्चाला लावून बघा. मार्चमधला अवकाळी पाऊस मोर्चाची गर्दी कमी करेल, हे खरं. पण तोच पाऊस द्राक्षं आणि कांदाही झोपवेल, आणि शेतकरी त्याचा राग मतपेटीत काढेल. दुसरी वाट उघडली की अट मोडली. पद्धत उसनी घेता येते, तिच्यामागचं गृहीतक इथल्या मातीत तपासावंच लागतं. मुलाखतीत हे विचारतात, म्हणून नीट समजून घ्या.

मोठ्या पल्ल्याचा अभ्यास हवा असेल तर एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचा बघा. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा त्यांनी तपासल्या. अहिंसक मोहिमा ५३ टक्के वेळा यशस्वी ठरल्या, हिंसक २६ टक्के. पण चेनोवेथ यांनीच नंतर दाखवलं, की २०१० नंतर अहिंसक मोहिमांचं यश ३४ टक्क्यांच्या खाली आलं. सोशल मीडियावर फिरतो तो फक्त पहिला आकडा.

का घसरलं यावर वाद आहेत. माझं मत विचाराल तर गर्दी मोजण्याआधी एक प्रश्न विचारावा: समोरच्याचं तुमच्यावाचून किती दिवस निभतं? मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार होते. एकजुटीत काही कमी नव्हतं. पण भिवंडीचे यंत्रमाग चालू होते, कापड बाजारात येत राहिलं आणि कित्येक गिरण्या मालकांना तशाही नकोशाच झाल्या होत्या. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याची शेवटची तारीख तुम्ही कोणती लिहाल?

आपल्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. २०१२ च्या जानेवारीत गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेवर बहिष्कार सुरू झाला: तिथे पेपर पाठवणार नाही, परीक्षण करणार नाही, संपादन करणार नाही. महिनाभरात कंपनीने अमेरिकेतल्या एका वादग्रस्त विधेयकाचा पाठिंबा काढला. म्हणजे यश. पण काही वर्षांनी कुणीतरी रसायनशास्त्र आणि मानसशास्त्रातल्या सह्या करणाऱ्यांचे पेपर शोधले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक लोकांचं लेखन पुन्हा तिथेच छापून आलेलं सापडलं. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. नोकरी, बढती, अनुदान ज्या नियतकालिकांच्या नावावर ठरतं, ती एकट्याने सोडणं म्हणजे संप करून पगार स्वतःचाच कापणं. याउलट २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या नियतकालिकाचं अख्खं संपादक मंडळ एकदम बाहेर पडलं आणि त्यांनी ‘ग्लॉसा’ सुरू केलं. तिथे लेखकाला जायला दुसरी जागा तयार होती.

कंपनीच्या खिशाला मात्र अजून फारशी झळ नाही. भारत सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत, आणि यादीतल्या ३० प्रकाशकांत एल्सेव्हिअर आहे. तुम्ही पीएचडीला लागाल तेव्हा बहुधा त्याच लॉगिनने पेपर उघडाल.