मत नसलेल्यांचे मत

भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुम्हांआम्हांला मत नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत दर वेळी बोटाला शाई लावून घेणारा नागरिक या एका निवडणुकीत केवळ प्रेक्षक असतो. आणि तरीही २०२२ सालच्या जुलै महिन्यात, सिरोंच्याकडे गोदावरीला महापूर आलेला असताना आणि इतरत्र धानाची रोवणी चाललेली असताना, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत या निवडणुकीविषयी जितके बोलले गेले तितके पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल. एका बाजूला द्रौपदी मुर्मू, दुसऱ्या बाजूला यशवंत सिन्हा. कोणी म्हणे, आदिवासी समाजातील बाई देशाच्या सर्वोच्च पदावर बसते आहे, आणखी काय पाहिजे? कोणी म्हणे, पदावर कोण बसते यापेक्षा बसून काय करते ते महत्त्वाचे. ज्यांना मत नाही त्यांनी चालविलेल्या या चर्चेला काही अर्थ आहे काय, एवढाच प्रश्न आज आपण विचारासाठी घेऊ.

प्रथम हिशेब पाहू, कारण हिशेबाशिवाय राजकारणाची चर्चा हवेत जाते. राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद करतात. विधानपरिषदेच्या सभासदांना आणि नामनियुक्त खासदारांना हे मत नाही. प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य लोकसंख्येवरून ठरते, आणि तीही १९७१ च्या जनगणनेतील. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागावे, आलेल्या संख्येला पुन्हा हजाराने भागावे, म्हणजे १७५ हा आकडा येतो. हेच आपल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य. खासदाराच्या मताचे मूल्य २०२२ साली ७०० होते.

आता चंद्रपूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा, गडचिरोलीत तीन. नऊ आमदारांचे १,५७५ झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन मतदारसंघांच्या खासदारांचे १,४०० झाले. एकूण २,९७५. सबंध देशाची बेरीज त्या वर्षी १०,८६,४३१ होती. म्हणजे या अरण्यमय मुलखाचा वाटा हजारात तिनाहूनही कमी. शिवाय मतदान गुप्त असते आणि त्याला पक्षादेश लागू होत नाही. आपल्या आमदाराने कोणाच्या नावापुढे १ हा अंक लिहिला हे आपल्याला कायद्याने कधीच कळायचे नाही.

मग उमेदवाराचा प्रचार तरी कोणासाठी? उघड उत्तर असे की, २०२२ च्या ४,८०९ मतदारांसाठी. दोन्ही उमेदवार राज्याराज्यांच्या राजधान्यांत गेले आणि आमदार-खासदारांना भेटले. गावोगाव सभा झाल्या नाहीत. परंतु प्रचाराचा संदेश मात्र त्या ४,८०९ जणांपाशी थांबत नाही. आमदाराला पुन्हा निवडून यायचे असते, आणि त्याला निवडून देणारे आपण असतो. लोक काय बोलतात याकडे त्याचा कान असतोच. म्हणून राष्ट्रपतिपदाचा उमेदवार आमदाराच्या तोंडाकडे पाहून बोलत असला तरी त्याच्या खांद्यावरून आपल्याकडेही पाहत असतो.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. मुख्यमंत्रिपदाचा इच्छुक म्हणू शकतो, मी रस्ता बांधीन. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार असे काहीच म्हणू शकत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे आहे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्याला इतकी मोकळीक दिली की, सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवावा. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावा. ज्याला काम करण्याचे वचन देता येत नाही, त्याने सांगायचे काय? त्याच्यापाशी दोनच गोष्टी उरतात. एक, आपले आजवरचे आयुष्य. दुसरी, आपण कोणती मूल्ये मानतो त्याची ग्वाही. २०२२ ची लढत या दोन गोष्टींमध्येच झाली. श्रीमती मुर्मू फारसे बोलल्या नाहीत. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातील संथाळ घरात जन्म, शिक्षिकेचे काम, मग आमदारकी, मग झारखंडचे राज्यपालपद, हा त्यांचा जीवनक्रमच त्यांचा संदेश होता. श्री. सिन्हा यांचा संदेश शब्दांत होता : मी मुका राष्ट्रपती होणार नाही, घटनेचे रक्षण करीन. एकाने चरित्र पुढे ठेवले, दुसऱ्याने प्रतिज्ञा.

समर्थकांच्या बोलण्यात या दोहोंपैकी पहिल्याचे वजन अधिक पडते, आणि ते स्वाभाविक आहे. 'आपला माणूस' हे दोन शब्द पक्षांच्या भिंती ओलांडून जातात. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या तेव्हा शिवसेना विरोधी आघाडीत असूनही, मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. २०२२ साली झारखंड मुक्ती मोर्चा राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत होता. तरी त्याने मुर्मू यांना पाठिंबा दिला, आणि सिन्हा त्याच झारखंडातील हजारीबागचे असूनही त्याचा उपयोग झाला नाही. पण हा युक्तिवाद दर वेळी चालतोच असेही नाही. २०१२ साली पी. ए. संगमा यांनी आदिवासी समाजाला एकदा संधी मिळावी हेच म्हणणे मांडले होते. त्यांच्या स्वतःच्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाने ते मानले नाही, त्यांना पक्ष सोडावा लागला, आणि प्रणव मुखर्जी यांच्या ७,१३,७६३ मतमूल्यापुढे त्यांना ३,१५,९८७ एवढेच मिळाले. दहा वर्षांनी तेच म्हणणे ६,७६,८०३ मतमूल्य घेऊन विजयी झाले. म्हणणे बदलले नव्हते, त्यामागचे संख्याबळ बदलले होते. यावरून एवढे कळते की 'आपला' हा शब्द खरा असला तरी तो एकटा पुरत नाही, आणि तो कोण कोणत्या वेळी उच्चारतो हेही पाहावे लागते.

मूल्यांचा विचार करायचा तर महाराष्ट्राला १९६९ ची निवडणूक आठवावी लागेल. त्या वेळी चिंतामणराव देशमुख उभे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झालेले गृहस्थ. त्यांची मूल्ये भाषणांतून शोधायची गरज नव्हती; राजीनाम्याच्या कागदावरच ती लिहिलेली होती. पहिल्या मोजणीत वराहगिरी व्यंकट गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. कोणालाच आवश्यक तेवढी मते न मिळाल्यामुळे मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढचे पसंतिक्रम मोजले गेले. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. देशमुखांच्या बहुतेक समर्थकांची दुसरी पसंती रेड्डींना गेली आणि तरी ते हरले. याच निवडणुकीत इंदिराबाईंनी सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्याचे आवाहन केले होते. विवेकाचे नाव पुढे आले आणि त्याच्याआड पक्षातला सत्तेचा झगडा निकालात निघाला. उत्तम चारित्र्याचा उमेदवार तिसरा राहिला. समर्थकांनी यातून शिकावे ते हे की, मोठे शब्द ऐकल्यावर त्यांच्यामागची कृती कोणती, एवढे आधी विचारावे.

हीच कसोटी २०२२ ला लावून पाहू. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना तेथील विधानसभेने २०१६ साली छोटा नागपूर आणि संथाळ परगणा येथील कूळकायद्यांत दुरुस्त्या मंजूर केल्या. इंग्रजांच्या काळापासून आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून जी बंधने होती ती या दुरुस्त्यांनी सैल होतील, अशी तेथील लोकांची तक्रार होती. सरकार मुर्मू यांच्याच पूर्वीच्या पक्षाचे होते. तरीही २०१७ साली त्यांनी ती विधेयके सही न करता परत पाठविली, आणि पुढे सरकारने ती मागे घेतली. त्यांच्या समर्थकांपाशी सांगण्यासारखी सर्वांत बळकट गोष्ट कोणती असेल तर ही. परंतु चर्चेत जन्माचा उल्लेख जितका होई तितका या कृतीचा होत नसे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांना का लागू पडते? कारण राष्ट्रपतिभवन आणि एटापल्लीचे जंगल यांच्यात एक घटनात्मक धागा आहे. तो म्हणजे घटनेची पाचवी अनुसूची. कोणता मुलूख अनुसूचित क्षेत्र म्हणावयाचा हे राष्ट्रपतीच्या आदेशाने ठरते. महाराष्ट्रासाठीचा १९८५ चा आदेश असाच निघाला. गडचिरोलीतील एटापल्ली, अहेरी, सिरोंचा, धानोरा, कुरखेडा आणि चंद्रपुरातील राजुऱ्याकडील गावे त्यात आहेत. या क्षेत्रांच्या कारभाराविषयी राज्यपालाने राष्ट्रपतीला अहवाल द्यायचा असतो. येथील जमीनव्यवहारासंबंधी राज्यपालाने केलेल्या विनियमांना राष्ट्रपतीची अनुमती लागते. १९९६ चा पेसा कायदा याच क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देतो. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज काढावे की नाही, काढल्यास कोणाला विचारून, त्या कामाची भाकर कोणाला आणि धूळ कोणाला, हा वाद ज्या कायद्यांच्या आधाराने चालतो त्यांची मुळे येथवर पोहोचतात.

याच बरोबर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रामसभांचे आणि वनहक्कांचे बळ तिने कमी होईल, असा आक्षेप अनेक आदिवासी संघटनांनी घेतला होता. संसदेने ती मंजूर केली आणि त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. ज्यांनी 'आपली बाई' म्हणून आनंद केला त्यांतील काहींना हे लागले. पण राष्ट्रपतीचे हात कोठवर पोहोचतात हे ज्यांनी आधीच समजून घेतले होते, त्यांना यात निराशेबरोबर बोधही सापडला असेल. उलट २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनाच्या समारंभात, तुरुंगांत खितपत पडलेल्या गरिबांविषयी मुर्मू बोलल्या तेव्हा त्या पदाचे खरे सामर्थ्य दिसले. ते शब्दाचे सामर्थ्य आहे. सही करावीच लागते. बोलणे मात्र कोणी अडवीत नाही.

आपल्या शहरांतील श्रोत्यांपुढे आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोलीत शंभरात सुमारे ३९ आणि चंद्रपुरात सुमारे १८ जण अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे 'आपला' म्हटले की ज्यांना तो शब्द लागू होत नाही असे लोक शेजारीच बसलेले असतात. अनुसूचित क्षेत्रातील काही नोकऱ्या स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखणारी राज्यपालांची २०१४ ची अधिसूचना निघाली, तेव्हा गडचिरोलीतील इतर मागासवर्गीय समाजात असंतोष झाला. दोघेही गरीब, दोघांचीही मुले बेकार. अशा वेळी जातजमातीच्या नात्यावर उभा केलेला पाठिंबा शेजाऱ्याला परका करतो. मूल्यांवर उभा केलेला पाठिंबा निदान दोघांना एका प्रश्नावर आणून बसवितो : न्याय कशाला म्हणायचे?

अशी बसण्याची रीत आपल्याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्याची घोषणा सर्वांना माहीत आहे. त्यामानाने त्याचा अभ्यासगट कमी लोकांना माहीत आहे. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगट काहीच ठरवीत नाही. तो फक्त बसतो, माहिती गोळा करतो, बाहेरच्या माणसाला प्रश्न विचारतो आणि विषयाच्या सर्व बाजू उलगडून पाहतो. पण त्याच्यामुळे ग्रामसभेत आलेला माणूस डोळे उघडे ठेवून येतो.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपण सारे अशा अभ्यासगटाचेच सभासद असतो. निर्णय दुसरे घेतात. विषय उलगडून ठेवणे आपल्या हाती असते. सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. तेव्हा पुन्हा नावे पुढे येतील, पुन्हा कोणी तरी कोणाचा तरी 'आपला' असेल. आनंद जरूर करावा. शतकानुशतके दाराबाहेर उभ्या राहिलेल्या समाजाचा माणूस आत गेला तर तो आनंद खोटा नसतो. पण त्या आनंदाबरोबर आपल्या आमदाराला तीन प्रश्न विचारावेत. या उमेदवाराने हाती अधिकार असताना कोणता कागद सही न करता परत पाठविला? पाचव्या अनुसूचीविषयी त्याचे म्हणणे काय? आणि जेथे सही टाळता येणार नाही, तेथे तो निदान बोलेल काय? या प्रश्नांना मतमूल्य नाही. पण २,९७५ मतमूल्य ज्यांच्या हाती आहे, त्यांना या प्रश्नांची उत्तरे देत आपल्या दारावरूनच जायचे आहे.