पाण्यातून भूखंड काढणारे चेटर

हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागातील चेटर रोड ज्या जमिनीवर आहे तेथे १८९० पूर्वी बंदराचे पाणी होते, आणि ते हटवण्याची योजना मांडणारे कॅचिक पॉल चेटर हे ना इंग्रज होते ना चिनी. १८४६ मध्ये कलकत्त्यातील आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या चेटर यांचे आईवडील ते लहान असतानाच वारले. ला मार्टिनिअर शाळेत शिकून १८६४ मध्ये ते हाँगकाँगला बहिणीकडे गेले आणि तेथे बँकेत कारकून झाले. पुढे त्यांनी चलन आणि सोन्या-चांदीची दलाली सुरू केली, तीत मुंबईचे पारशी व्यापारी होरमसजी नवरोजी मोदी त्यांचे भागीदार होते.

डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने बेटावर सपाट जागा फारच थोडी होती. जमिनीची मालकी ब्रिटिश राजसत्तेची असून भूखंड लिलावाने, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिले जात. किनाऱ्यालगतच्या भूखंडाला ‘मरीन लॉट’ म्हणत, आणि गोदामाच्या दारात माल उतरवता येणे हीच त्याची खरी किंमत असल्यामुळे समोर भराव पडणे पट्टेदारांना परवडणारे नव्हते. मुंबईकराला भराव नवा नाही. चेटर यांची करामत भरावापेक्षा त्यामागच्या व्यवहारात होती. भरावाचा खर्च पट्टेदारांनी उचलायचा आणि समोर तयार होणारी जमीन त्यांनाच मिळायची, अशी त्यांची मांडणी होती. त्यामुळे विरोध करणारेच लाभार्थी ठरले, शिवाय सरकारला रस्ते व सार्वजनिक जागा मिळाल्या. समुद्राची खोली ते रात्री होडीतून मोजत, असे सांगितले जाते. १८९० ते १९०४ दरम्यान सुमारे ६० एकर जमीन तयार झाली, आणि आजचा स्टॅच्यू स्क्वेअर व १९१२ चे सर्वोच्च न्यायालय तिच्यावरच उभे राहिले.

ही जमीन हाताशी येण्याआधीच, १८८९ मध्ये, चेटर यांनी जेम्स जॉन्स्टोन केझ्विक यांच्यासह ‘हाँगकाँग लँड’ ही कंपनी काढली होती. भरावाची योजना पुढे रेटली जात असताना ते वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्यही होते. एकाच माणसाने सार्वजनिक धोरण सुचवावे आणि त्याच धोरणातून वाढणाऱ्या जमिनीचा धंदा करावा, हे आजच्या कसोटीवर उघड हितसंबंधांचा संघर्ष ठरेल. पण १९०२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९२६ मध्ये मृत्यूपर्यंत ते वसाहतीच्या कार्यकारी मंडळावर राहिले.