युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या आणि त्यांचे पुढचे आयुष्य

बीड जिल्ह्यातून आज नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जिल्ह्यातल्या माणसाला विमान गाठायचे तर छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा गाठावे लागते, नाहीतर पुण्याचे लोहगाव. तरीही या जिल्ह्याच्या इतिहासात लष्करी विमानतळांचे स्थान मोठे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर कारवाई झाली, तेव्हा भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने पुण्याच्या तळावरून उडत होती. संस्थानातील बीदर आणि वरंगळ येथील विमानतळ त्यांचे लक्ष्य होते. जमिनीवरून पुढे सरकलेली फौज जालना, लातूर करत मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला पोहोचली. तेथे गोवळकोंडा लान्सर्सच्या तुकडीने नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. या कारवाईत दोन्ही बाजूंना उपयोगी पडलेले विमानतळ बहुतांशी आधीच्या मोठ्या युद्धाचा वारसा होते.

घाईने उभारलेले तळ

भारतात विमानतळबांधणीला खरा वेग आला तो दुसऱ्या महायुद्धात. त्याआधीची बहुतेक मैदाने गवताची किंवा मुरमाची होती. १९२८ मध्ये सुरू झालेले मुंबईचे जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरत असे आणि टाटांच्या टपाल विमानांना तेवढ्या काळापुरते पुण्यात, येरवड्याला मुक्काम हलवावा लागे. युद्धात हे चालण्यासारखे नव्हते. १९४२ च्या पूर्वार्धात जपानने ब्रह्मदेश घेतला. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा या बंदरांवर बॉम्ब पडले. बाराही महिने जड विमाने उतरू शकतील अशा पक्क्या धावपट्ट्या देशभर तातडीने हव्या होत्या.

धावपट्टी म्हणजे नुसता सरळ, रुंद रस्ता नव्हे. मराठवाड्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अशा जमिनीवर धावपट्टी करायची तर काळी माती उकरून काढावी लागते, मुरूम आणि खडीचे थर दाबून बसवावे लागतात आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाईल असा उतार ठेवावा लागतो. त्यामुळे उंच, मुरमाड माळरान विमानतळासाठी सोयीचे ठरते. त्या काळच्या विमानांना आडव्या वाऱ्याचा त्रासही जास्त होई. वारा कोणत्याही दिशेने वाहत असला तरी उतरता यावे म्हणून मोठ्या तळांवर वेगवेगळ्या दिशांना दोन-तीन धावपट्ट्या असत. पुढे विमाने जड आणि वेगवान झाली, तेव्हा एक लांब धावपट्टी पुरेशी ठरू लागली. बाकीच्या पट्ट्या विमाने उभी करायला उपयोगी पडल्या किंवा बांधकामाखाली गेल्या.

हँगरमध्ये थाटलेला विमानतळ

युद्ध संपल्यावर या तळांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. ज्या तळाला लगेच दुसरे काम मिळाले तो टिकला. याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे सांताक्रूझ. १९४२ ते १९४७ या काळात तेथे ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या होत्या. सुमारे १५०० एकर जागेत तीन धावपट्ट्या होत्या. १९४६ च्या सुमारास तळ नागरी खात्याकडे जाऊ लागला, तेव्हा प्रवाशांसाठी इमारतच नव्हती. मग लष्कराने सोडलेली दोन हँगर कामी आली. एकात देशांतर्गत प्रवासी आणि दुसऱ्यात परदेशी जाणारे. मध्ये बसायची जागा, दोन बाजूंना कस्टम आणि पारपत्र तपासणीचे टेबल. पहिल्या वर्षी दिवसाला सहा नागरी विमानसेवा चालत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि देशाची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. आजचा मुंबईचा विमानतळ याच युद्धकालीन तळातून वाढला आहे.

विमानांचेही असेच झाले. युद्धात सैनिक आणि रसद वाहणारी डकोटा विमाने लिलावात निघाली आणि नव्या विमान कंपन्यांनी ती घेतली. निजामाच्या राज्यात १९४५ मध्ये निघालेली डेक्कन एअरवेजही डकोटांवरच चालत होती. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

मध्यरात्रीचे सोनेगाव

नागपूरच्या सोनेगावचे मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासूनचे आहे आणि दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाने वापरले. स्वातंत्र्यानंतर त्याला देशभर ओळख मिळाली ती टपालामुळे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान सकाळपर्यंत आपल्या मूळ गावी परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचू लागले. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला मिळालेला हा सर्वांत मोठा लाभ म्हणता येईल. हवाई दलही नागपुरात राहिले. त्याच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आज तेथेच आहे.

लोहगाव, सांबरा, दाभोळी

पुण्याचे लोहगाव १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारले गेले. महायुद्धात तेथे वेलिंग्टन आणि मॉस्किटो ही बॉम्बफेकी विमाने, तसेच स्पिटफायर लढाऊ विमाने होती. मे १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या कारवाईत त्याचा वापर झाला. लिबरेटर या जातीच्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांची कथाही याच तळाशी जोडलेली आहे. युद्धानंतर ती पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून कानपूरला टाकून दिली होती. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांतली अनेक विमाने तात्पुरती दुरुस्त करून उडवत नेली आणि नव्याने घडवली. पुण्यातील सहाव्या स्क्वाड्रनने १९६८ पर्यंत त्यांतून समुद्रावर गस्त घातली. त्यांतले एक १९७४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिले गेले.

बेळगावजवळचे सांबरा १९४२ चे. ब्रह्मदेशातील आघाडीसाठी प्रशिक्षण आणि रसद ही त्याची कामे होती. लोहगाव आणि सांबरा हे दोन्ही तळ १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी पुन्हा युद्धात उतरले. १८ डिसेंबरला पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. सांबऱ्याहून निघालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दाभोळीच्या प्रवासी इमारतीला धक्का लावू नये, असे ठरले होते. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची जेमतेम डागडुजी करून उभी असलेली दोन प्रवासी विमाने निसटवली. ती दाभोळी पुढे भारतीय नौदलाकडे गेली आणि ‘आयएनएस हंसा’ हा तळ तेथे आला. त्याच धावपट्टीवरून गोव्याचे पर्यटन वाढले. सांबऱ्यात आता हवाई दलात नव्याने भरती झालेल्या जवानांचे प्राथमिक प्रशिक्षण होते.

बीदर आणि वरंगळ

मराठवाड्याला लागून असलेले बीदर हे संस्थानाच्या अखेरच्या दिवसांत गुप्त शस्त्रवाहतुकीचे ठिकाण बनले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून शस्त्रे आणत असे. ही विमाने लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावरूनच केलेली होती. पुढे लंडनच्या न्यायालयात कॉटनला दंड झाला. विलीनीकरणानंतर बीदरचा तळ हवाई दलाकडे गेला. १९६३ पासून तेथे वैमानिकांना प्रशिक्षण मिळते आणि ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरतींचे पथक १९९६ मध्ये तेथेच स्थापन झाले. वरंगळच्या मामनूरला असे काम मिळाले नाही. १९८१ मध्ये तेथील विमानसेवा बंद पडली. तो विमानतळ पुन्हा उभारायला केंद्राची मंजुरी मिळाली ती थेट २०२५ मध्ये.

विदर्भातील गोंदियाजवळचे बिरसी हे १९४० चे. तेही अनेक वर्षे फारसे वापरात नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आले, तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि मार्च २०२२ पासून प्रवासी विमानेही उतरू लागली.

वारशाची किंमत

हे सारे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. विमानतळ टिकतो तो त्याच्या बांधणीवर नव्हे, त्याला मिळालेल्या कामावर. सांताक्रूझला प्रवासी मिळाले, सोनेगावला टपाल, बीदरला शिकाऊ वैमानिक. मामनूरची धावपट्टी मात्र दशकानुदशके पडून राहिली.

लष्कराने न सोडलेल्या तळांची अडचण वेगळी. लोहगावला धावपट्टी हवाई दलाची आणि प्रवासी इमारत नागरी विभागाची. लष्करी सरावाच्या वेळा सांभाळून प्रवासी विमाने चालवावी लागतात. भोवतालच्या बांधकामांवर उंचीची मर्यादा असते आणि लष्करी तळांलगत १९०३ च्या संरक्षण कायद्यान्वये बांधकामावर निर्बंध घालता येतात. ज्या गावांच्या जमिनी युद्धाच्या निकडीने गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही हे निर्बंध पाळावे लागतात. शहरे वाढून तळाला भिडली तशी कोंडी वाढली. गोव्याने त्यावर दुसरा विमानतळ बांधण्याचा मार्ग घेतला आणि मोपाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. पुण्यासाठी पुरंदरचा विचार त्याच कारणाने चालला आहे.

बीडसारख्या जिल्ह्याला युद्धाने धावपट्टी दिली नाही, तशी ही कोंडीही दिली नाही. तेथे विमानतळ झाला तर तो शांततेच्या काळात, विचारपूर्वक होऊ शकतो. जागा निवडताना जमिनीचा पोत, वाऱ्याची दिशा आणि शेतकऱ्याचा योग्य मोबदला यांचा हिशेब सावकाश करता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या धावपट्टीला रोजचे काम कोणते असेल, हे पहिली खडी पडण्याआधीच ठरवता येईल.