दुसरे गिऱ्हाईक : मोबाईलच्या युगातील व्यापारस्पर्धा आणि आपला शेतमाल

पैनगंगेच्या खोऱ्यातील ढाणकी परिसरात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन घरात येते आणि कापसाची वेचणी सुरू होते. त्याबरोबर प्रत्येक घरात एकच प्रश्न उभा राहतो : माल कोणास द्यावा आणि केव्हा द्यावा? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर बहुधा खेडा खरेदीवाल्याच्या शब्दावर अवलंबून असे. हल्ली माल घेणारा, बी-औषधे विकणारा आणि कर्ज देणारा असे तिघेही मोबाईलच्या वाटेने शेतकऱ्याच्या ओट्यापर्यंत आले आहेत. त्यांची आपसांत मोठी चुरस आहे. ही चुरस कशी चालते हे ज्यास उमगले, त्यास तिचा लाभ घेता येतो. ज्यास उमगले नाही, त्याचा तोटा होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

बातमी आधी कोणास मिळते?

वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. १८७० साली रेल्वेचा फाटा खामगावपर्यंत आला आणि त्याच सुमारास तारायंत्राने सातासमुद्रापलीकडील कापसाचे भाव वऱ्हाडातील व्यापाऱ्यास कळू लागले. तार व्यापाऱ्याच्या हाती होती. शेतकऱ्याच्या हाती नव्हती. बातमी ज्याच्याकडे आधी पोहोचे, तो सौद्यात वरचढ ठरे. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा आला. उघड बोली, खरे माप आणि वेळेवर चुकारा हीच या व्यवस्थेमागील तत्त्वे होत. साधने बदलली, तरी ही तत्त्वे जुनी झालेली नाहीत.

कंपनीने भाव फुकट का सांगितला?

नव्या स्पर्धेचे एक उत्तम उदाहरण सोयाबीनचेच आहे. २००० साली आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातील एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसविला. त्यावर कंपनीचा भाव तर दिसेच, पण जवळपासच्या मंड्यांचे भावही दिसत. माल कंपनीलाच द्यावा अशी सक्ती नव्हती. कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होई आणि पैसे तेथेच मिळत. यात कंपनीचाही स्वार्थ होता. मधले हात कमी झाल्याने तिचा खर्च वाचे आणि माल निवडून घेता येई.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढे दिसून आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जेथे ही केंद्रे निघाली, तेथील मंड्यांतही सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ज्याने कंपनीस एक पोतेही विकले नाही, त्या शेतकऱ्याचाही फायदा झाला. दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे हे कळताच पहिल्याने भाव सुधारला! आपण शिकावयाचा मुख्य धडा हाच. भाव यंत्राने वाढत नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकामुळे वाढतो.

१४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजारालाही हीच कसोटी लावावी. तेथे मालाची नोंद व प्रतवारी होऊन व्यापारी संगणकावर बोली लावतात. दूरच्या व्यापाऱ्यांनी बोली लावली, तर चुरस वाढते. मात्र ठरलेले तेच चारजण बोलू लागले, तर यंत्र असूनही भाव जागचा हलत नाही.

स्पर्धेच्या तीन रीती

पहिली रीत सवलतीची. नवा विक्रेता आरंभी स्वस्त देतो, घरपोच देतो, प्रसंगी तोटाही सोसतो. जेथे विकणारे पुष्कळ, तेथे घेणारे जातात. आणि जेथे घेणारे पुष्कळ, तेथे विकणाऱ्यांस जावेच लागते. अशा रीतीने एकाच ठिकाणी सारी गर्दी जमली आणि इतर दुकाने बंद पडली, म्हणजे सवलत आटू शकते. सवलत अवश्य घ्यावी. पण गावच्या चांगल्या दुकानाशी किंवा सोसायटीशी संबंध तोडू नये.

दुसरी रीत माहितीची. आपण कोणते पीक घेतो, कोणते औषध केव्हा मागवितो, पैशाची निकड केव्हा असते, ही सारी माहिती नोंदली जाते. ती व्यापाऱ्याचे भांडवलच होय. म्हणून ॲपने विचारलेली प्रत्येक परवानगी न वाचता देऊ नये.

तिसरी रीत उधारीची. जो बियाणे उधार देतो व मालही तोच घेतो, त्याच्यापुढे दुसरे गिऱ्हाईक उरत नाही. उधारी वहीतली असो वा मोबाईलमधली, तिचा परिणाम एकच.

नोंद नाही, तर वाट नाही

२०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करण्याची पद्धत आणली. जमिनीचा व कापसाच्या पेऱ्याचा पुरावा तेथे लागतो. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणी करतात, तिचे महत्त्व येथे कळून येते. शेतात कापूस उभा आहे, पण नोंदीत नाही, अशा शेतकऱ्यास हमीभावाचे दार उघडणे अवघड जाते आणि मिळेल त्या भावाने खाजगी व्यापाऱ्याकडे जावे लागते. व्यापाऱ्यासही ही अडचण ठाऊक असते.

सौदा रुपयांचा, हिशेब ओलाव्याचा

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यास भावात एक टक्का काट बसते, आणि १२ टक्क्यांवरील माल घेतला जात नाही. ११ टक्के ओलाव्याच्या कापसास म्हणून सुमारे ७,८६७ रुपये पडतील. दहा क्विंटलमागे ही घट सुमारे २,४३० रुपयांची झाली. ओलावा उडाल्याने वजनही थोडे उतरते, हे खरे. परंतु ओला माल परत फिरला, तर गाडीभाडे अंगावर पडते.

खाजगी सौद्याचाही हिशेब असाच मांडावा. समजा, दारावर सोयाबीनला ४,३०० रुपये मिळतात आणि बाजारात ४,५५०. भाडे, हमाली व तोलाई मिळून क्विंटलला १२० रुपये लागले, तर हाती ४,४३० येतात, म्हणजे १३० रुपये अधिक. खर्च २८० झाला, तर दारावरचा सौदा बरा. बोललेला भाव नव्हे, हाती पडलेला रुपया मोजावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

१. पिकाच्या दिवसांत जवळच्या दोन-तीन बाजारांचे त्या दिवसाचे भाव तारखेसह चावडीवरील फळ्यावर लिहावेत. सर्वांकडे मोबाईल असतोच असे नाही.

२. ई-पीक पाहणीची मुदत संपण्यापूर्वी घरोघर विचारणा करावी. वृद्ध, एकट्या महिला आणि बटाईने शेती देणारे यांची नोंद राहून जाण्याचा संभव अधिक.

३. थोडा माल असणाऱ्यांनी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीद्वारे माल एकत्र करावा. दोन क्विंटलसाठी दूरचे गिऱ्हाईक येत नाही. ट्रकभर मालासाठी येते.

४. पैसे येण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावे. पिन लागतो तो पैसे देताना. अनोळखी खरेदीदाराच्या गाडीत माल भरण्यापूर्वी चुकारा खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेच्या नोंदीवरून करावी. केवळ आलेल्या संदेशावरून नव्हे.

सारांश, मोबाईल हे अवजार आहे. तिफण चांगली असली, तरी वाफसा पाहूनच पेरणी करावी लागते. तसेच ॲप चांगले असले, तरी भाव, खर्च व खात्री पाहूनच सौदा करावा लागतो. या हंगामात प्रत्येक कुटुंबाने एक नेम करावा : पहिल्या गिऱ्हाइकास होकार देण्यापूर्वी दुसऱ्याचा भाव विचारावयाचा. एवढ्या एका सवयीने सौद्यात शेतकऱ्याचा शब्द वजनदार होईल.