एका नर्सबाईला रोगी किती?

दवाखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात. डॉक्टर सकाळी येतात, तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग बाकीचा दिवस आणि सगळी रात्र रोग्याकडे कोण बघतं? नर्सबाई. कागदोपत्री तिला परिचारिका म्हणतात. आपण सिस्टर म्हणतो. आज तिच्या कामाविषयी थोडी माहिती करून घेऊ.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू शेताच्या बांधावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. कवठे महांकाळहून त्यांना एका मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि रात्री सिस्टर एकच.

जो रोगी आपण होऊन हलू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर अंगाखाली दबलेल्या जागी रक्त पोचत नाही आणि कातडी मरू लागते. तिथं जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. आमच्या वहिनी दोनदा सिस्टरला बोलवायला गेल्या. ती म्हणाली, "आजी, येते हो. त्या कोपऱ्यातल्या पेशंटला रक्त लावलंय, ते सोडून कशी येऊ?" असे पाच-सहा दिवस गेले आणि बंधूंच्या कमरेखाली जखम झाली. हाड तीन महिन्यांत जुळलं. जखम भरायला सात महिने लागले.

जखम दिसली त्या रात्री मी सिस्टरवर फार ओरडलो. हेडमास्तरचा आवाज तो! सारा वॉर्ड जागा झाला. ती काही बोलली नाही. पहाटे पाहतो तर ती उभ्या उभ्या कागद भरत होती. जेवणाचा डबा टेबलावर तसाच बंद होता.

घरी आल्यावर मी एक हिशेब मांडला. तुम्हीही पाटीवर मांडून पाहा.

एक पाळी आठ तासांची. आठ तासांची मिनिटं ४८०. रोगी ४०. भागाकार करा. एका रोग्याच्या वाट्याला आली १२ मिनिटं. तेवढ्यात ताप बघायचा, नाडी बघायची, रक्तदाब मोजायचा. गोळ्या द्यायच्या, इंजेक्शन द्यायचं, सलाईन बदलायचं, जखमेची पट्टी करायची, कूस वळवायची आणि केलेलं सगळं लिहून ठेवायचं. त्यात एखादा रोगी अत्यवस्थ झाला, तर तासभर त्याच्यापाशीच जातो. मग बाकीच्यांची १२ मिनिटंही उरत नाहीत.

मी एकशिक्षकी शाळा चालवली आहे. चार इयत्ता एका मास्तरच्या गळ्यात असल्या, की पहिलीची पोरं नुसती बसून राहतात. मास्तर आळशी नसतो. त्याला हात दोनच असतात.

मग परिचारिका किती असाव्यात? भारतीय परिचर्या परिषद ही या कामासाठी देशपातळीवर नेमलेली संस्था. तिचा कायदा १९४७ साली झाला. तिच्या मापाप्रमाणे वैद्यकीय शिक्षणाच्या दवाखान्यात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक आणि इतर दवाखान्यांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. दिवसाच्या पाळ्या तीन असतात. तेव्हा तीन खाटांमागे एक बाई नेमली, तर एका पाळीत नऊ रोग्यांना एक बाई पडते. पाच खाटांमागे एक नेमली, तर पंधरांना एक. सुट्ट्या आणि आजारपण यांसाठी जादा माणसं वेगळीच. पंधरा रोगी धरले तरी प्रत्येकाला ३२ मिनिटं मिळतात. कुठं १२ आणि कुठं ३२!

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ दवाखान्यांचा अभ्यास २००२ साली छापून आला. ऑपरेशन झालेल्या रोग्यांचा तो अभ्यास होता. एका परिचारिकेकडे एक रोगी वाढला, की महिन्याभरात रोगी दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे. रोगी एकदम बिघडत नाही. आधी श्वास वाढतो, नाडी बदलते, तो बरळू लागतो. ही खूण कोणी वेळेवर पाहिली तर डॉक्टरला हाक जाते. पाहायलाच कोणी नसलं तर जात नाही. कॅलिफोर्निया राज्यानं १९९९ साली कायदाच केला. तो २००४ पासून अमलात आला. तिथं साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे एका वेळी पाचांहून जास्त रोगी देता येत नाहीत.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रोगी दगावले. त्यांत तान्ही बाळंही होती. रोगी फार उशिरा, अत्यवस्थ होऊन आले, असं सांगितलं गेलं. पण खाटांपेक्षा रोगी जास्त आणि माणसं कमी, हेही पुढं आलं. मुंबई उच्च न्यायालयानं आपण होऊन दखल घेतली आणि रिकाम्या जागांविषयी सरकारला विचारलं.

वास्तविक आपला मुलूख या कामात मागं नव्हता. आपल्या शेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उघडलं. पुण्यात १९०९ साली सेवासदन निघालं. रमाबाई रानडे यांनी त्या संस्थेतर्फे बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. विधवा बाईनं परक्याची सेवा करायची, म्हणून तेव्हा लोक नावं ठेवीत. त्या बायका तरी डगमगल्या नाहीत.

आता आपण काय करावं? तीन गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट. रोग्यापाशी बसणाऱ्या माणसानं कूस कशी वळवायची, हे सिस्टरकडून शिकून घ्यावं. सलाईन संपत आलं की हाक मारावी. पण सुईला आणि नळीला स्वतः हात लावू नये.

दुसरी गोष्ट. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे विचारावं. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानं अर्ज करता येतो. आता तुम्हाला लिहिता येतं, तेव्हा अर्ज दुसऱ्याकडून कशाला लिहून घ्यायचा? मिळालेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. रुग्ण कल्याण समितीपुढं मांडा.

तिसरी गोष्ट. बारावी झालेल्या मुलीला, आणि मुलालाही, या शिक्षणाला पाठवा. जनरल नर्सिंगचा अभ्यास तीन वर्षांचा असतो.

आणि सिस्टरवर ओरडू नका. जागा रिकामी ठेवणारा तिथं नसतो. जी एकटी तिथं उभी असते, तिलाच आपण बोल लावतो. मला त्या बाईंची माफी मागायची होती. बंधूंना घरी आणायच्या गडबडीत ते राहून गेलं. तुमचं तसं राहू नये, म्हणून हे लिहिलं.